जुना लहान लॅपटॉप पुन्हा कामास कसा लावावा?

महोत्सवी स्मरणिकेत संस्थेचा इतिहास यावा, देणगीदारांचे ऋण मान्य व्हावे, जुन्या कार्यकर्त्यांची आठवण निघावी, हे सर्व योग्यच आहे. त्याबरोबर सभासदांच्या घरी प्रत्यक्ष उपयोगी पडेल असाही एखादा लेख असावा, या हेतूने पुढील चार शब्द लिहीत आहे.

आपल्यापैकी अनेकांच्या कपाटात, साड्यांच्या घडीखाली किंवा पुस्तकांच्या मागे, अकरा इंची पडद्याचा एखादा लहान लॅपटॉप पडून असतो. कोणी तो दहा वर्षांपूर्वी हौसेने घेतलेला असतो. कोणी २०२० सालच्या टाळेबंदीत मुलांचे वर्ग बुडू नयेत म्हणून जुन्या बाजारातून आणलेला असतो. आज तो चालू केला तर उघडावयास पाच मिनिटे लागतात, संकेतस्थळे उघडत नाहीत आणि पडद्यावर ‘या प्रणालीचा आधार संपला आहे’ अशी सूचना झळकते. मग तो मेला असे समजून आपण त्यास पुन्हा कपाटात ठेवून देतो.

दुसरीकडे, आपल्याच ट्रस्टच्या शिष्यवृत्तीवर शिकणाऱ्या कित्येक मुलामुलींच्या घरी सगळ्या कुटुंबात मिळून एकच मोबाइल असतो, आणि तो सकाळी वडिलांबरोबर कामावर जातो. प्रकल्पाचे चार परिच्छेद टंकावयाचे असोत की प्रवेशाचा अर्ज भरावयाचा असो, त्यांस सायबर कॅफेच्या दारी उभे राहावे लागते. एका घरी यंत्र आहे पण काम नाही. दुसऱ्या घरी काम आहे पण यंत्र नाही. ही दोन घरे एकाच गावात, कित्येकदा एकाच गल्लीत असतात. यास्तव हे यंत्र खरोखर मेले आहे काय, हा प्रश्न केवळ हौशी मंडळींचा राहत नाही.

घर, कारभारी आणि दुभाषी

प्रथम हे यंत्र चालते कसे ते थोडक्यात पाहू. जुन्या काळचा एखादा मोठा वाडा डोळ्यांसमोर आणावा. वाड्याच्या भिंती, विहीर, कोठार म्हणजे यंत्राचे अवयव : प्रोसेसर, रॅम, साठवणीची जागा, पडदा, कळफलक. वाड्याचा धनी म्हणजे आपण. परंतु धनी स्वतः विहिरीवर जात नाही. तो कारभाऱ्यास सांगतो आणि कारभारी गडीमाणसांकडून काम करवून घेतो. लॅपटॉपमधील हा कारभारी म्हणजे कार्यप्रणाली, अर्थात ऑपरेटिंग सिस्टिम. विंडोज हा एक कारभारी, लिनक्स हा दुसरा. आपण ज्यावर लिहितो, वाचतो, हिशेब करतो ते प्रोग्रॅम या कारभाऱ्याच्या मार्फतच यंत्राकडून काम घेतात.

आता अडचण अशी की प्रत्येक अवयवाची भाषा निराळी. वाय-फायची चकती एका कारखान्याची, आवाजाची दुसऱ्या, टचपॅड तिसऱ्या. कारभाऱ्यास या सर्वांच्या भाषा उपजत येत नाहीत. त्यासाठी प्रत्येकाचा एक दुभाषी लागतो. त्यास ड्रायव्हर म्हणतात. सीमाभागात राहणाऱ्यांस दुभाष्याचे महत्त्व समजावून सांगण्याची गरज नाही. कागद कानडीत, अर्जदार मराठी, आणि मध्ये दुभाषी नसला म्हणजे दोन्हीकडची शहाणी माणसे कशी गप्प बसतात, हे कचेरीच्या ओसरीवर पुष्कळांनी पाहिले आहे. नवी प्रणाली घातल्यावर लॅपटॉपचा आवाज गेला किंवा वाय-फाय दिसेनासे झाले, तर बहुधा अवयव बिघडलेला नसतो. दुभाषी हजर नसतो.

‘आधार संपला’ म्हणजे काय?

कोणत्याही प्रणालीत लाखो ओळींचा मजकूर असतो आणि त्यात चुका राहतातच. त्यांपैकी काही चुका चोरवाटेसारख्या असतात. त्यांतून दुष्ट हेतूचा मनुष्य आत शिरू शकतो. अशी वाट सापडली की प्रणालीचा कर्ता ती बुजवितो आणि ती दुरुस्ती आपल्या यंत्राकडे पाठवितो. यासच अपडेट म्हणतात. ‘आधार’ म्हणजे ही दुरुस्ती पाठवीत राहण्याचे वचन, आणि या वचनास मुदत असते. विंडोज एक्सपीची मुदत ८ एप्रिल २०१४ रोजी संपली, विंडोज ७ ची १४ जानेवारी २०२० रोजी, विंडोज ८.१ ची १० जानेवारी २०२३ रोजी आणि विंडोज १० ची १४ ऑक्टोबर २०२५ रोजी. शेवटच्या प्रणालीसाठी मायक्रोसॉफ्टने घरगुती ग्राहकांस नोंदणी करून १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतची जादा मुदत देऊ केली, इतकेच.

मुदत संपली म्हणून यंत्र बंद पडत नाही. ते दुसऱ्या दिवशीही पहिल्यासारखेच चालते. परंतु त्यानंतर सापडलेली प्रत्येक चोरवाट उघडीच राहते. अशा यंत्रावर बँकेचे व्यवहार करणे म्हणजे कडी नसलेल्या दारामागे दागिने ठेवणे होय.

मग सरळ विंडोज ११ का घालू नये? ५ ऑक्टोबर २०२१ रोजी निघालेल्या या प्रणालीने किमान अटी कडक केल्या : ४ जीबी रॅम, ६४ जीबी साठवण, कंपनीच्या यादीतील अलीकडचा प्रोसेसर, आणि टीपीएम २.० ही गुप्त किल्ल्या सांभाळणारी व्यवस्था. जुने लहान लॅपटॉप यांतील एक-दोन नव्हे, बहुतेक सर्व अटींत अनुत्तीर्ण होतात. रूफस नावाच्या मोफत साधनाने यांपैकी काही तपासण्या वगळून विंडोज ११ घालता येते, हे खरे. मात्र अशा यंत्रास पुढील अपडेट मिळण्याचा हक्क नाही, असे मायक्रोसॉफ्टने स्पष्ट केले आहे. शिवाय ऑक्टोबर २०२४ मध्ये निघालेल्या आवृत्तीपासून प्रोसेसरमध्ये काही विशिष्ट आज्ञा असणे अनिवार्य झाले. त्या नसतील तर ती आवृत्ती सुरूच होत नाही. म्हणजे तपासणी चुकविली तरी अडचण चुकत नाही.

येथे एक भेद ध्यानात ठेवावा. ‘अमुक प्रणालीस या यंत्रावर आधार नाही’ या वाक्याचे दोन अर्थ संभवतात. एक, ती येथे चालूच शकत नाही. दोन, ती चालेल, परंतु चाललीच पाहिजे अशी हमी कोणी देत नाही. पहिल्या अर्थी उपाय नसतो. दुसऱ्या अर्थी हमी आपण स्वतः घ्यावयाची असते. पुढील सर्व विवेचन या दुसऱ्या प्रकारासंबंधी आहे.

एक नमुन्याचे यंत्र

उदाहरणादाखल इंटेलच्या अॅटम झेड ३७३५ एफ या प्रोसेसरचे यंत्र घेऊ. २०१४ च्या सुमारास आलेल्या या प्रोसेसरवर अनेक कंपन्यांनी स्वस्त लहान लॅपटॉप व टॅबलेट काढले. चार कोअर, १.३३ गिगाहर्ट्झचा मूळ वेग, २ जीबी रॅम, आणि बहुधा ३२ जीबी साठवण. रॅम व साठवण दोन्ही मुख्य पाटीवरच डाग देऊन बसविलेली. वाढविता येत नाहीत. पंखा नाही, त्यामुळे आवाजही नाही. बॅटरी नवी असता सात-आठ तास काम होत असे. असे हे नम्र यंत्र.

या यंत्राची एक विचित्र खोड आहे, आणि ती ठाऊक नसल्यामुळे पुष्कळांचा प्रयत्न पहिल्याच पायरीवर फसतो. याचा प्रोसेसर ६४ बिटांचा आहे, परंतु चालू होताना प्रथम जागे होणारे फर्मवेअर मात्र ३२ बिटांचे आहे. कारण हे लॅपटॉप मुळात ३२ बिटांच्या विंडोजसह विकले गेले. कमी रॅमला तेच सोयीचे होते. फर्मवेअर म्हणजे वाड्याच्या देवडीवरचा पहारेकरी असे समजा. त्याच्या हाती एका ठरावीक नावाची चिठ्ठी पडली तरच तो कारभाऱ्यास आत सोडतो. ६४ बिटांच्या प्रणालीच्या पेनड्राइव्हवर दुसऱ्याच नावाची चिठ्ठी असते. पहारेकरी ती ओळखत नाही आणि पेनड्राइव्ह जणू लावलेलाच नाही असे वागतो. आपण म्हणतो पेनड्राइव्ह खराब. वस्तुतः पेनड्राइव्हही ठीक असतो आणि यंत्रही.

विंडोज ११ केवळ ६४ बिटांत निघते आणि ६४ बिटांच्या विंडोजला ६४ बिटांचेच फर्मवेअर लागते. म्हणून या यंत्रावर ते कोणत्याही युक्तीने चालावयाचे नाही. येथे वर सांगितलेला पहिला अर्थ लागू पडतो. लिनक्सची गोष्ट निराळी. ३२ बिटांच्या फर्मवेअरमधून ६४ बिटांचा कारभारी आत घेण्याची सोय लिनक्सच्या ३.१५ या आवृत्तीत २०१४ सालीच करण्यात आली.

लिनक्स आणि डेबियन

फिनलंडमधील हेलसिंकी विद्यापीठाचा विद्यार्थी लिनस टोरवाल्ड्स याने २५ ऑगस्ट १९९१ रोजी आपण एक प्रणाली रचीत असल्याचे जाहीर केले. तिचा गाभा म्हणजेच लिनक्स. त्याने तो सर्वांस खुला ठेवला. कोणीही वाचावा, सुधारावा, वाटावा. या गाभ्याभोवती आवश्यक ती सर्व साधने जुळवून तयार संच देणाऱ्या अनेक मंडळ्या आहेत. त्यांपैकी डेबियन ही एक जुनी व विश्वासू. इयन मर्डॉक याने ती ऑगस्ट १९९३ मध्ये सुरू केली. स्वयंसेवक ती चालवितात आणि तिला किंमत नाही.

आपल्या कामास डेबियनची १२ वी आवृत्ती सोयीची आहे. ती १० जून २०२३ रोजी निघाली आणि तिची दीर्घ मुदतीची देखभाल ३० जून २०२८ पर्यंत जाहीर झालेली आहे. तिची ‘मल्टी-आर्क’ नावाची प्रत मिळते. तिच्यात ३२ व ६४ बिट या दोन्ही प्रकारच्या चिठ्ठ्या असतात, म्हणून आपला पहारेकरी संतुष्ट होतो. शिवाय वाय-फाय इत्यादी अवयवांना लागणारे कारखानदारांचे फर्मवेअर अधिकृत प्रतीतच समाविष्ट करण्याचा निर्णय डेबियनने २०२२ मध्ये मतदानाने घेतला आणि १२ व्या आवृत्तीपासून तो अमलात आला. पूर्वी हेच फर्मवेअर हुडकण्यात नवख्याचा धीर सुटत असे.

९ ऑगस्ट २०२५ रोजी निघालेल्या १३ व्या आवृत्तीत ३२ बिटांच्या प्रोसेसरवर नव्याने प्रणाली घालण्याची सोय काढून टाकलेली आहे. आपल्या नमुन्याच्या यंत्राचा प्रोसेसर ६४ बिटांचा असल्याने त्यावर १२ वी घालून पुढे इंटरनेटवरून १३ वीवर चढता येते. परंतु २००८ च्या काळातील अॅटम एन २७० असलेले लहान लॅपटॉप केवळ ३२ बिटांचे आहेत. त्यांना डेबियनची १२ वी हीच शेवटची पायरी. यंत्राचे खरे वय ओळखल्याशिवाय कामास हात घालू नये, ते यासाठी.

प्रत्यक्ष कृती

१. यंत्र तपासावे. लॅपटॉप सपाट मेजावर ठेवून पाहावा. तो डुगडुगत असेल, टचपॅड वर उचलला गेला असेल किंवा पाठ फुगली असेल तर बॅटरी फुगलेली आहे. असे यंत्र चार्जिंगला लावू नये, दाबू नये, घरी उघडू नये. थेट जाणत्या कारागिराकडे न्यावे. बाकी सर्व गोष्टी यानंतर.

२. आतील माहिती बाहेर काढावी. छायाचित्रे, प्रमाणपत्रे, पत्रे दोन ठिकाणी उतरवून घ्यावी. एक प्रत पुरेशी नव्हे. नवी प्रणाली घालताना जुने सर्व पुसले जाते व ते परत मिळेल या भरवशावर राहता येत नाही.

३. पेनड्राइव्ह तयार करावा. ८ जीबीचा पुरे. दुसऱ्या चांगल्या संगणकावर डेबियनच्या अधिकृत संकेतस्थळावरूनच प्रत उतरवावी. तिच्यासोबत एक लांबलचक अंकाक्षरी खूण दिलेली असते. उतरविलेल्या प्रतीची खूण तीच निघते का ते ताडून पाहावे. एक अक्षर जरी निराळे आले तरी प्रत टाकून द्यावी व पुन्हा उतरवावी. नंतर रूफससारख्या साधनाने ती पेनड्राइव्हवर लिहावी. नुसती फाइल उचलून पेनड्राइव्हवर ठेवल्याने काम होत नाही.

४. पहारेकऱ्यास सूचना द्यावी. लॅपटॉप बंद करून, चालू करताना कंपनीनुसार एफ २, एफ ९, एफ १२, एस्केप किंवा डिलीट ही कळ वारंवार दाबल्यास फर्मवेअरचे पान उघडते. तेथे ‘सिक्युअर बूट’ बंद करावे आणि पेनड्राइव्हला पहिला मान द्यावा. चार्जर जोडलेलाच असू द्यावा.

५. प्रश्नांची उत्तरे द्यावीत. पहिल्या यादीतून ६४ बिटांची स्थापना निवडावी. मग भाषा, कळफलक, इंटरनेट, नाव, परवलीचा शब्द असे प्रश्न ओळीने येतात. येथे एक लाभ आहे : साठवणीवर काही लिहिण्यापूर्वीच इंटरनेटची जोडणी होते. म्हणजे वाय-फायचा दुभाषी हजर आहे की नाही ते काहीही पुसले जाण्यापूर्वीच कळते. वाय-फाय दिसले नाही तर मोबाइल यूएसबी वायरने जोडून त्याचे इंटरनेट यंत्रास देता येते. तेही नको वाटले तर येथूनच मागे फिरावे. जुनी प्रणाली जशीच्या तशी असते.

६. साठवण निवडताना घाई करू नये. यादीत पेनड्राइव्ह व आतील साठवण दोन्ही दिसतात. नावावरून ओळख पटत नाही; आकारावरून पटते. ३२ जीबीची आतील साठवण थोडी कमीच दाखविली जाते. तिच्यालगत काही मेगाबाइटांचे चिमुकले भाग दिसले तर त्यांस हात लावू नये. संपूर्ण आतील साठवण वापरून एकाच विभागात सर्व ठेवण्याचा सोपा पर्याय घ्यावा.

७. साधे दर्शनी रूप निवडावे. लिनक्समध्ये पडद्याचे दर्शनी रूप अनेकांपैकी एक निवडता येते. नोम हे देखणे, पण २ जीबी रॅमला जड. एलएक्सक्यूटी किंवा एक्सएफसीई यांपैकी एक घ्यावे. येथील निवडीवरच पुढील सर्व सुख अवलंबून आहे.

८. शेवटची अडचण. काही यंत्रे काम पूर्ण झाल्यावरही पेनड्राइव्ह काढताच उठत नाहीत. त्यांचा पहारेकरी एकाच ठरावीक जागेची, ठरावीक नावाची चिठ्ठी वाचतो. प्रणालीची सुरुवातीची फाइल त्या जागी त्या नावाने उतरवून ठेवली की प्रश्न सुटतो.

या सर्वांस नेट बरे असल्यास साधारण दोन-तीन तास लागतात.

नंतरचे किरकोळ आजार

या जातीच्या लॅपटॉपमध्ये तीन दुखणी हमखास आढळतात. पहिले, वाय-फाय. यांपैकी कित्येकांत रिअलटेकची ८७२३ बीएस ही चकती असते. तिचा ड्रायव्हर लिनक्सच्या मूळ गाभ्यात २०१७ साली आला. म्हणूनच जुन्या लेखांत ‘या यंत्रावर लिनक्स निरुपयोगी’ असे वाचावयास मिळते. ते तेव्हा बरेचसे खरे होते. आज त्यावर विसंबू नये. दुसरे, आवाज. तो न आल्यास ध्वनीच्या मांडणीच्या जादा फाइली घातल्याने बहुधा येतो. तिसरे, मध्येच गोठणे. काम नसले की प्रोसेसर वीज वाचविण्यासाठी झोप घेतो. या कुळातील प्रोसेसर कधी कधी इतका गाढ झोपतो की उठतच नाही. एका मर्यादेपलीकडे झोपू नये अशी सूचना सुरुवातीच्या ओळीत लिहून ठेवता येते. बॅटरी थोडी लवकर उतरते, पण यंत्र मध्येच गोठणे थांबते.

रॅमची तंगी असल्याने झेडरॅम ही सोय अवश्य करावी. रॅममधील तूर्त न लागणारा मजकूर ती दाबून लहान करून ठेवते, जशी आपण हिवाळी पांघरुणे गाठोडे बांधून माळ्यावर टाकतो. तरीही ब्राउझरमध्ये तीन-चार पानांहून अधिक एकदम उघडू नयेत.

भाषेची सोय

आपल्याकडे एकाच घरात मराठी माध्यमाची मुलगी, कानडी शिकणारा मुलगा आणि उर्दू वाचणारे आजोबा असणे नवलाचे नाही. या तिन्ही भाषा या प्रणालीत विनामूल्य मिळतात. मराठीसाठी इनस्क्रिप्ट कळफलक शिकवावा, असे माझे सुचविणे आहे. भारतीय मानक संस्थेने १९९१ च्या मानकात तो घेतला. त्यात स्वर डाव्या हातास व व्यंजने बहुतांशी उजव्या हातास येतात, आणि ब्राह्मीपासून निघालेल्या सर्व भारतीय लिप्यांत एका ध्वनीची कळ एकच असते. ज्या कळेवर मराठी ‘क’ त्याच कळेवर कानडीतीलही ‘क’. मराठी टंकणे शिकलेल्या मुलास कानडी टंकणे निम्मे आलेले असते. उर्दूचा कळफलक वेगळा निवडावा लागतो. ओळ उजवीकडून आपोआप सुरू होते आणि नस्तालिक वळणाचा फॉन्टही मोफत आहे.

एक सूचना ट्रस्टच्या कार्यालयासाठी. आपले जुने अहवाल व इतिवृत्ते श्रीलिपीसारख्या जुन्या पद्धतीच्या फॉन्टमध्ये टंकलेली असतील, तर तो फॉन्ट नसलेल्या यंत्रावर त्यांच्या जागी अर्थहीन रोमन अक्षरांची रास दिसते. तो मजकूर आधी युनिकोडमध्ये रूपांतरित करून घ्यावा. हे काम लिनक्ससाठीच नव्हे, पुढील पिढीने ती इतिवृत्ते वाचावीत यासाठीही करावयास हवेच.

काय होईल, काय होणार नाही

लिबरऑफिसमध्ये पत्र, निबंध, हिशेब उत्तम होतो. पाठ्यपुस्तकांच्या पीडीएफ वाचता येतात. दीक्षासारख्या संकेतस्थळावरील पाठ पाहता येतात. चित्रफीत मध्यम दर्जावर ठेवावी. ऑनलाइन अर्ज भरता येतात. पायथॉन, स्क्रॅच यांसारखी संगणकाची पहिली अक्षरे गिरविण्यास हे यंत्र पुरेसे आहे.

परंतु मोठी दृश्यसभा अडखळेल. विंडोजसाठीच केलेले हिशेबाचे किंवा डिजिटल सहीचे प्रोग्रॅम बहुधा चालणार नाहीत. काही ऑनलाइन परीक्षा विशिष्ट प्रणालीचीच अट घालतात; परीक्षेपूर्वी ती अट वाचावी आणि तशी अट असल्यास दुसऱ्या यंत्राची व्यवस्था वेळीच करावी. ज्याचे रोजचे काम अशा प्रोग्रॅमवर आहे त्याने नवे यंत्र घेणेच बरे.

ट्रस्टपुढील काम

आता मूळ मुद्द्याकडे येतो. कपाटातील लॅपटॉप गोळा करणे सोपे आहे. वाटपाचे छायाचित्र काढणे त्याहून सोपे. पण कंपनीने हात झटकलेले यंत्र आपण मुलास दिले आणि मागाहून आपणही हात झटकले, तर ते न दिलेलेच बरे. अर्जाच्या शेवटच्या रात्री यंत्र रुसले तर गरीब घरातील मूल यंत्राला दोष देत नाही; आपल्यालाच काही येत नाही असे ते मनाशी धरते. वर्गात अशी मुले रोज पाहावयास मिळतात. एकदा हात आखडला की पुन्हा पुढे येत नाही.

म्हणून तीन गोष्टी सुचवाव्याशा वाटतात. पहिली, ट्रस्टमधील दोन-तीन तरुणांनी वरील कृती नीट शिकून घ्यावी आणि प्रत्येक यंत्राची वहीत नोंद ठेवावी : प्रोसेसर कोणता, प्रणालीची आवृत्ती कोणती, तिची देखभाल कोणत्या तारखेपर्यंत, बॅटरी कशी. दुसरी, आपण जसे पाठ्यपुस्तके वापरावयास देऊन वर्षअखेर परत घेतो तसेच यंत्राचे करावे, आणि महिन्यातील एक ठरलेला रविवार दुरुस्ती व शंकांसाठी राखावा. तिसरी, देणाऱ्याच्या विश्वासास तडा जाऊ देऊ नये. देण्यापूर्वी त्याने आपली सर्व खाती बंद करावीत, आणि ट्रस्टने संपूर्ण साठवण पुसल्याशिवाय यंत्र पुढे देऊ नये. नुसत्या फाइली काढून टाकल्याने त्या खऱ्या अर्थाने जात नाहीत. जे यंत्र खरोखरच निकामी असेल ते भंगारवाल्यास न देता नोंदणीकृत पुनर्चक्रण केंद्राकडे द्यावे. ई-कचऱ्याचे २०२२ चे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत, आणि बॅटरी व पाटीतील विषारी द्रव्ये अखेर आपल्याच विहिरींत उतरतात.

खर्च म्हणाल तर एक पेनड्राइव्ह, क्वचित एखादा चार्जर किंवा बॅटरी, आणि काही रविवार. यांतील शेवटची वस्तू विकत मिळत नाही.

ज्या प्रणालीस यंत्राच्या कर्त्याचा आधार नाही, ती चालविता येते. फक्त तो आधार दुसऱ्या कोणास तरी व्हावे लागते. निराधारास आधार देणे हे आपल्या ट्रस्टचे पहिल्या दिवसापासूनचे काम आहे. त्या कामात या एका लहानशा कलमाची भर पडावी, एवढीच विनंती. ज्या सभासदांच्या घरी असे यंत्र पडून असेल त्यांनी ते फुगलेले नाही ना हे आधी पाहून, मग एकदा चार्जरला लावून, कार्यालयात नोंदवावे.